त्याला निदान माहितीये तो काय शोधतोय, मला कुठे माहितीये?

पत्र:

ताई, मी सेकंड इयरला आहे, लिटरेचर घेतलंय. या सेमिस्टरला आम्हाला एक कादंबरी वाचायचीये आणि वाचता वाचता जर्नल लिहायचंय, म्हणजे दर थोड्या पानांनी आपल्याला काय वाटलं ते. कादंबरीत एक मुलगा आहे, तो तान्हा असताना त्याचे वडील घर सोडून गेलेत आणि मोठा झाल्यावर तो आजारी आईला मागे ठेवून त्यांना शोधायला निघतो. सुरुवातीला मला तो जाम आवडला, मी लिहिलं की असं धाडस पाहिजे. मग निघतानाचा सीन परत वाचला, त्यात आई त्याला थांब म्हणत नाही, फक्त त्याच्या बॅगेची चेन लावून देते, आणि मला त्याचा इतका राग आला की मी लिहिलं हा माणूस स्वार्थी आहे. पुढच्या नोंदीत परत त्याची दया. सरांनी जर्नल बघून शेरा मारला, 'स्वतःबद्दल कमी, थीमबद्दल जास्त लिही.' आता मी मध्यावर अडकलेय, तो नुसता गावोगाव फिरतोय, काही घडतच नाही, आणि मैत्रिणीने शेवट सांगून टाकला की वडील सापडत नाहीत. मग वाचू कशाला? आणि खरं सांगू का, रात्री झोपताना वाटतं, त्याला निदान माहितीये तो काय शोधतोय. मी ही साइड का घेतली असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. मीपण आईला एकटीला सोडून हॉस्टेलवर आलेय. जर्नलमध्ये नेमकं काय लिहू?

– अर्ध्यात अडकलेली

उत्तर:

तुझ्या नोंदी एकमेकींशी भांडतायत म्हणून तुला वाटतंय की जर्नल बिघडलं. मला वाटतं ते तिथूनच सुरू झालंय. आधी धाडसी, मग स्वार्थी, मग बिचारा, हे तिन्ही तुला त्या त्या पानावर खरंच वाटलेलं आहे आणि वाचता वाचता लिहायचं जर्नल असतंच त्यासाठी. चाळिसाव्या पानावरच्या तुला दोनशेवं पान माहीत नव्हतं, ते माहीत नसताना तिने जे लिहिलं ते आता दोनशेव्या पानावर बसून कोणालाही लिहिता येणार नाही, तुलासुद्धा नाही. म्हणून पहिली कळकळीची विनंती, मागच्या नोंदी दुरुस्त करू नकोस. फाडू नकोस, खोडू नकोस, 'आता माझं मत बदललंय' असं वाटलं तर खाली आजची तारीख टाकून नवीन नोंद लिही. जुनी तशीच राहू दे.

आणि हे फक्त मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. लुईझ रोझेनब्लाट नावाच्या अमेरिकन अभ्यासक होत्या, त्यांनी १९३८ साली साहित्य कसं शिकवावं यावर एक पुस्तक लिहिलं आणि पुढे आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला की पुस्तकाचा अर्थ कागदावर तयार होऊन पडलेला नसतो, तो वाचणारी आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीत घडतो. आज शाळा-कॉलेजात वाचनाच्या प्रतिक्रिया लिहून घेतात त्यामागे जे विचार आहेत त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण त्यांच्या म्हणण्याचा दुसरा भागही आहे आणि तो सहसा विसरला जातो. त्या असं नाही म्हणत की वाटेल ते वाटलं तरी चालतं. वाटणं तुझं, पण ते कशामुळे वाटलं हे मजकुरात दाखवता आलं पाहिजे, आणि मजकूर जर म्हणत असेल की नाही बाई असं नाहीये, तर तेही ऐकलं पाहिजे.

इथे तुझे सर येतात. त्यांचा शेरा तुला लागला हे कळतंय, पण त्यांना कदाचित एवढंच म्हणायचं असेल की तुझा राग दिसतोय, त्याचं कारण दिसत नाहीये. 'हा माणूस स्वार्थी आहे' एवढ्या वाक्यावर वाचणाऱ्याला काही करता येत नाही, हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं एवढंच. पण मला पत्र लिहिताना तू एक भारी गोष्ट केलीस, जी बहुतेक जर्नलमध्ये केलेली नाहीस. तू चेन सांगितलीस. आई थांब म्हणत नाही, बॅगेची चेन लावून देते. अगं ही थीमच आहे! ज्या बाईला मुलगा जायला नकोय तीच त्याच्या जाण्याची तयारी पूर्ण करून देतेय, आणि लेखकाने तिच्या तोंडी एक शब्द दिलेला नाही. आता तुझा राग नक्की कोणावर आहे ते तपास. मुलावर आहे, की तिला गप्प ठेवणाऱ्या लेखकावर? पुढे त्या आईचा उल्लेख कुठे कुठे येतो ते बघ, मुलाला ती आठवते का, आठवते तर कशावरून आठवते, की लेखकालाही तिचा विसर पडलाय. हे शोधून लिहिलंस की ती नोंद स्वतःबद्दल आहे की थीमबद्दल हा प्रश्नच उरत नाही, दोन्ही एकाच वाक्यात बसतात.

आता मला तुला एक खूप जुनी गोष्ट सांगायचीये, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखी तीच आठवत होती.

फ्रान्समध्ये बाराव्या शतकाच्या शेवटी शेवटी क्रेतियँ द त्रुआ नावाच्या कवीने पर्सिव्हलची गोष्ट लिहायला घेतली. ग्रेल नावाच्या अद्भुत पात्राचा शोध म्हणून पुढे युरोपात ज्या शेकडो कथा झाल्या त्यांची सुरुवात इथून धरतात. पर्सिव्हल हा एका विधवेचा मुलगा, आईने त्याला जंगलात वाढवलेलं, कारण नवरा आणि मोठी मुलं या शूरवीरपणापायी गेलेली आणि हा तरी वाचावा म्हणून तिने त्याच्यासमोर तो विषयच काढलेला नसतो. एक दिवस त्याला जंगलात चिलखत घातलेले शूरवीर दिसतात आणि झालं, हा निघतो. निघताना तो मागे वळून बघतो तर आई पुलाच्या टोकाशी कोसळून पडलीये. त्याला ते दिसतं. आणि तो घोड्याला चाबूक मारून पुढे जातो.

पुढे एक अनुभवी शूरवीर त्याला शस्त्रं शिकवतो आणि सल्ला देतो की फार बोलू नकोस, जास्त प्रश्न विचारू नकोस, शोभत नाही. मग याला आईची काळजी वाटायला लागते, तो तिला बघायला परत निघतो आणि त्या वाटेवरच एका जखमी राजाच्या वाड्यात रात्री मुक्कामाला पोचतो. जेवताना त्याच्यासमोरून एक भाला नेला जातो ज्याच्या टोकातून रक्त ठिबकतंय, आणि मागून एक मुलगी ग्रेल घेऊन जाते, म्हणजे एक झळाळतं पात्र. प्रत्येक पदार्थ वाढताना ते पुन्हा पुन्हा समोरून जातं. त्याच्या ओठावर आलेलं असतं की हे कोणासाठी चाललंय, पण तो सल्ला आठवतो आणि गप्प बसतो, म्हणतो सकाळी विचारू. सकाळी वाड्यात कोणी नसतं. नंतर त्याला कळतं की त्याने नुसतं विचारलं असतं तरी राजा बरा झाला असता. आणि हेही कळतं की आई तेव्हाच दुःखाने गेली. पुढे एक संन्यासी त्याला स्पष्ट सांगतो की त्या रात्री तुझी जीभ अडकली ती आईच्या बाबतीत जे केलंस त्या पापामुळे.

म्हणजे बघ, तुला जे त्या चेनच्या पानावर टोचलं ते आठशेहून जास्त वर्षांपूर्वी या प्रकारच्या गोष्टीच्या मुळाशीच लिहिलेलं आहे. बाहेर पडताना मागे कोण कोसळलं, आणि समोर जे चाललंय त्याबद्दल तोंड उघडून विचारलं का. क्रेतियँची गोष्ट अपुरी राहिली, मधेच तुटते, मग पुढे दुसऱ्या कवींनी आपापल्या परीने ती पूर्ण करायचा प्रयत्न केला. मला तर तिचं अपुरं असणंही बरोबर वाटतं, पण ते राहू दे.

होमरच्या ओडिसी या प्राचीन ग्रीक महाकाव्यातही हेच आहे आणि तुझ्या कादंबरीच्या तर अजून जवळचं, कारण तिथे मुलगाच युद्धावरून न परतलेल्या बापाला शोधतोय. लोक ओडिसी म्हटलं की राक्षस आणि समुद्र आठवतात, पण त्या काव्याच्या २४ सर्गांपैकी पहिले चार मुख्यतः मुलाचे आहेत, टेलेमॅकसचे. तो आईला न सांगता निघतो, म्हाताऱ्या दाईकडून शपथ घेतो की अकरा-बारा दिवस आईला सांगायचं नाही. जुन्या योद्ध्यांच्या घरी जाऊन बापाबद्दल विचारतो, भरपूर ऐकतो, पण बाप काही सापडत नाही. सापडतो तो सोळाव्या सर्गात, स्वतःच्याच बेटावर, डुकरं राखणाऱ्या नोकराच्या झोपडीत, आणि समोर आला तरी आधी ओळखूच येत नाही. मग ते चार सर्ग फुकट का? अजिबात नाही, कारण त्या प्रवासात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी मोठ्या माणसासारखं बोलतं आणि तो कोणाचा मुलगा आहे हे त्याला लोकांच्या तोंडून कळतं. बाप भेटण्याआधी बापाच्या गोष्टी भेटतात.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण तुझ्या कंटाळ्याचं उत्तर यातच आहे. 'नुसता गावोगाव फिरतोय, काही घडतच नाही' असं तू म्हणतेस. शोधाच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्यांचा मधला भाग असाच असतो आणि तिथे खूप वाचक पुस्तक खाली ठेवतात. मेलव्हिलची मोबी डिक घे, १८५१ सालची, एक कप्तान एका पांढऱ्या देवमाशाच्या मागे जगभर जहाज फिरवतो. १३५ प्रकरणं आहेत आणि मासा प्रत्यक्ष समोर येतो तो शेवटच्या तीन प्रकरणांत. मधे देवमाशांचे प्रकार, दोर, तेल, हाडं, काय काय आहे. पण त्या मधल्या भागात एक गोष्ट परत परत घडते, समुद्रात दुसरं जहाज भेटतं आणि कप्तान एहॅबचं विचारणं ठरलेलं, तुम्ही पांढरा मासा पाहिला का. समोरचा काय सांगतोय, त्याचं काय हरवलंय, कशाशी घेणं नाही. शेवटाजवळ रेचेल नावाचं जहाज भेटतं, त्या कप्तानाचा लहान मुलगा होडीसकट समुद्रात हरवलाय, तो विनवतो की शोधायला मदत करा, तुम्हालाही मुलगा आहे. एहॅब नाही म्हणतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. माझ्या मते त्या कादंबरीचा निकाल तिथेच लागलेला आहे, मासा यायच्या आधी.

आता तुझ्या मुलाकडे ये. तो गावोगाव फिरतोय ना, मग प्रत्येक गावात तो लोकांना नेमकं काय विचारतो ते लिहून काढ. शब्द न् शब्द. पहिल्या गावात काय विचारलं, चौथ्या गावात काय, आणि आता तू जिथे अडकलीयेस तिथे काय. 'या माणसाला कुठे पाहिलंत का' इथून 'तो कसा होता' इथे आलाय का? कुठे तो समोरच्याला त्याच्याबद्दल काही विचारतो का, की एहॅबसारखा एकच प्रश्न घेऊन फिरतोय? आणि आईबद्दल कोणी त्याला विचारलं तर काय उत्तर देतो? मला तुझी कादंबरी माहीत नाही, तू नाव लिहिलेलं नाहीस, त्यामुळे काय सापडेल ते मी सांगू शकत नाही, पण मधला भाग वाचायला तुला एक धागा मिळेल एवढं नक्की, आणि 'काही घडत नाही' असं वाटत होतं तिथे बरंच काही घडत असण्याची शक्यता आहे. प्रश्न बदलत नसेल तर तेही मोठं निरीक्षण आहे, तेच लिही. आणि हो, हा भाग रोज दोन-दोन पानं करून वाचू नकोस, एका बैठकीत जरा लांब वाच, संथ कादंबरी तुकड्यातुकड्याने वाचली की अजून संथ होते.

शेवट कळला म्हणून वाचू कशाला, हे विचारतेस. मैत्रिणीने सांगायला नको होतं, तुझी चिडचिड रास्त आहे. पण तिने तुला नक्की काय सांगितलं? वडील सापडत नाहीत, एवढंच. त्या न सापडण्याचं तो काय करतो हे तिने सांगितलेलं नाही, आणि बहुतेक सांगताही आलं नसतं. ओडिसीच्या अगदी सुरुवातीच्या ओळींतच सांगून टाकलंय की नायकाचे सगळे साथीदार स्वतःच्या मूर्खपणामुळे मरणार आहेत, ऐकणाऱ्यांना आधीच माहीत होतं. प्राचीन इराकमधली गिल्गामेश राजाची गोष्ट त्याहून कितीतरी जुनी, मित्र मरतो म्हणून हा राजा घाबरून अमरत्व शोधायला जगाच्या टोकापर्यंत जातो. तिथे त्याला सांगतात, सहा दिवस आणि सात रात्री जागून दाखव, तर बसल्या जागी झोप लागते. मग तारुण्य परत देणारी एक वनस्पती मिळते, तीही वाटेत आंघोळीला उतरला असताना साप घेऊन जातो. हात रिकामे. तो बसून रडतो. आणि मग परत आपल्या शहरात येतो आणि सोबतच्या नावाड्याला सांगतो, या तटावर चढ, फिर, या विटा बघ. जो तट त्याने स्वतःच बांधला होता तो आता दुसऱ्याला दाखवतोय. 'अमरत्व मिळत नाही' हा झाला स्पॉयलर, पण त्या विटा बघ म्हणण्यापर्यंत माणूस कसा पोचला हे स्पॉयलरमध्ये मावत नाही. टॉल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये तर एक दुष्ट अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायला निघालेला फ्रोडो एवढं सगळं सोसून डोंगराच्या तोंडाशी पोचतो आणि ऐन वेळी अंगठी टाकायला नकार देतो, स्वतःची म्हणून बोटात घालतो. ती नष्ट होते ती वेगळ्याच माणसाच्या हातून, अपघाताने, आणि तेसुद्धा शक्य होतं कारण वाटेत त्या माणसाला जिवंत सोडलेलं असतं. तेव्हा आता तुझ्याकडे उलट एक सोय आहे, सापडतील का या टांगणीतून तू मोकळी झालीस, आता शांतपणे बघता येईल की लेखकाने न सापडण्याची तयारी कुठून सुरू केलीये. जिथे तुला ती खूण दिसेल तिथे नोंद कर.

आता ते रात्रीचं.

'त्याला निदान माहितीये तो काय शोधतोय.' मला इथे तुझ्याशी वाद घालायचाय. त्याला माहितीये का खरंच? वडील गेले तेव्हा तो तान्हा होता. त्याने त्यांचा आवाज ऐकलेला आठवत नाही, चेहरा आठवत नाही, ते सापडले तर चांगले निघतील की वाईट, त्याला ओळखतील की दार लावून घेतील, काहीच माहीत नाही. त्याच्याकडे फक्त एक नाव आहे आणि मनात बनवलेलं एक चित्र. डब्ल्यू. एच. ऑडन या कवीने १९६१ साली शोधकथेच्या नायकावर एक निबंध लिहिला, त्यात तो साधारण असं म्हणतो की हरवलेलं बटण शोधणं हा काही खरा शोध नव्हे, कारण बटण कसं आहे ते तुम्हाला पक्कं माहीत असतं. खरा शोध अशा गोष्टीचा, जिचा अजून अनुभवच नाही. ती कशी असेल याची कल्पना तेवढी करता येते आणि ती कल्पना खरी होती की खोटी हे सापडल्यावरच कळतं. या हिशोबाने तुझा नायक आणि तू यात तुला वाटतं तेवढं अंतर नाहीये. फरक एवढाच की त्याच्या न कळण्याला लेखकाने एक नाव देऊन ठेवलंय, त्यामुळे ते कळल्यासारखं दिसतं.

दुसरं असं की कादंबरीतल्या माणसाला विसाव्या पानावर ध्येय मिळतं कारण नाही मिळालं तर कादंबरी पुढे सरकणार नाही. त्याचे नुसते बसून काढलेले महिने लेखक गाळतो. तुझे दिवस कोणी गाळत नाही, सगळे जगावे लागतात, म्हणून तुला तुझं आयुष्य दिशाहीन वाटतं आणि त्याचं नाही. शोधाच्या गोष्टी वाचून आपलं आयुष्य त्यांच्याशी ताडून बघायची सवय फार जुनी आहे, १६०५ साली सर्व्हांतेसने डॉन किहोते लिहिली ती याच विषयावर, एक माणूस शूरवीरांच्या कथा इतक्या वाचतो की आपणही तसंच निघालं पाहिजे असं त्याला वाटतं. चारशे वर्षं लोक ते वाचतायत कारण ते सगळ्यांना होतं, जे मन लावून वाचतात त्यांना तर होतंच. त्याबद्दल लाज वाटून घेऊ नकोस. फक्त 'माझा शोध काय' याचं उत्तर या सेमिस्टरमध्ये मिळालं पाहिजे असं स्वतःवर लादू नकोस. 'ही साइड का घेतली' याचं उत्तर नाही म्हणतेस, पण एका काल्पनिक बाईने चेन लावून दिली म्हणून तुला रात्री झोप लागत नाही, तू परत मागे जाऊन तो सीन वाचलास. मी यावरून तुझ्या आयुष्याबद्दल काही ठरवणार नाही, पण जी मुलगी असं वाचते तिने ही साइड चुकून घेतली असं मला तरी वाटत नाही.

आणि शेवटी शेवटी तू एक वाक्य घाईघाईत लिहिलंयस, मीपण आईला एकटीला सोडून आलेय. मला वाटतं सगळ्या पत्रात तेच सगळ्यात जड आहे. म्हणूनच मी पर्सिव्हल एवढा लांबण लावून सांगितला. त्या गोष्टीत घर सोडणं हा गुन्हा नाहीये गं, मुलं घर सोडतातच. त्याने आईला पडताना पाहिलं आणि तरी घोडा हाकला, तिथे चुकलं, आणि मग विचारायच्या वेळी विचारलं नाही. तुझी आई पुलावर पडलेली नाहीये. तू शिकायला गेलीस, ते तिला माहीत आहे, तू तिच्यापर्यंत फोनने पोचू शकतेस. पण फोनवर आपण काय बोलतो, जेवलीस का, बरी आहेस ना, परीक्षा कधी. तिला एकदा खरं काहीतरी विचार. मी निघाले त्या दिवशी तुला काय वाटत होतं, हे विचार. किंवा तू माझ्या वयाची असताना तुला कुठे जायचं होतं, हे विचार. ती टाळेल, काहीतरी दुसरं बोलेल, पुन्हा कधीतरी विचार. मॉरीन मर्डॉक यांनी १९९० मध्ये नायिकेच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं त्यात आईपासून तुटणं आणि मग परत आईशी जोडून घेणं या दोन्हीला मोठी जागा आहे, कारण नेहमीच्या नायकाच्या आराखड्यात बायकांच्या वाट्याचं हे सगळं बसत नव्हतं असं त्यांना वाटलं. लायब्ररीत मिळालं तर चाळ, सगळं पटेलच असं नाही, पण तुझ्या चेनच्या नोंदीला उपयोग होईल.

यातलं आईबद्दलचं सरांना दाखवायलाच पाहिजे असं नाही, हे मात्र नीट लक्षात ठेव. वेगळी वही कर. सबमिशनच्या जर्नलमध्ये 'मीही नुकतंच घर सोडलंय, त्यामुळे हा प्रसंग वाचताना माझं लक्ष आईकडे गेलं' एवढं एक वाक्य पुरतं, त्याने वाचणाऱ्याला कळतं की तू कुठे उभी राहून वाचतेयस, बाकीचं तुझं तुझ्याजवळ. आणि रात्रीचे विचार जर वाढत गेले, झोप सारखीच उडायला लागली, कशातच मन लागेना, तर ते पुस्तकाचं राहात नाही, मग कॉलेजच्या काउन्सेलरशी किंवा भरवशाच्या मोठ्या माणसाशी बोल, लवकर बोल.

जर्नल सबमिट कसं करायचं तेवढं सांगते आणि थांबते. वर्गात तुम्हाला बहुतेक नायकाच्या प्रवासाचा तो गोल तक्ता दिला असेल, जोसेफ कॅम्पबेलच्या १९४९ च्या पुस्तकावरून केलेला, किंवा व्लादिमिर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांमधून काढलेली ती ३१ कार्यं, म्हणजे गोष्टीत ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या कृती. दोन्ही कामाची आहेत, पण आत्ता हातात घेऊ नकोस, नाहीतर तू कादंबरी वाचायचं सोडून रकाने भरत बसशील. पुस्तक संपल्यावर घे आणि काय बसत नाही ते शोध. चेन लावणारी आई कुठल्या रकान्यात बसते? मला वाटतं तिला जागा सापडणं अवघड आहे, आणि सापडली नाही तर तुझा सगळ्यात चांगला परिच्छेद तिथेच आहे.

मग तुझ्या त्या तीन भांडणाऱ्या नोंदी घे, धाडसी, स्वार्थी, बिचारा. तशाच्या तशा लिही, तारखेसकट, पान क्रमांकासकट. प्रत्येकीखाली एवढंच लिही की मजकुरातल्या कुठल्या ओळीमुळे मला तेव्हा असं वाटलं आणि पुढे कुठल्या ओळीने ते हललं. त्यानंतर गावोगावच्या प्रश्नांची यादी आणि ती बघून तुला काय दिसलं ते. शेवटाची नोंद शेवट वाचलास त्याच दिवशी लिही, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवू नकोस, आणि ती लिहिताना मैत्रिणीने सांगितलेलं आणि प्रत्यक्ष वाचलेलं यात काय फरक निघाला हे जरूर लिही. सबमिशनच्या आधी सरांना जाऊन भेट, चेनचा प्रसंग त्यांना वाचून दाखव आणि विचार की सर, मला यावर लिहायचंय, तुमच्या दृष्टीने हे थीममध्ये येतं का. ते काय म्हणाले ते मला कळव, आणि जमलं तर कादंबरीचं नावही.

– ताई